फोटोवाल्याच्या वरचे सीए

४ जून

आदरणीय वन्संना धाकटीचा नमस्कार.

कागद पाठकोरा आहे म्हणून रागावू नका. मागच्या बाजूला शाळेच्या गेल्या वर्षीच्या हजेरीचा तक्ता आहे, तो आता बाद झालाय. दोन्ही बाजूंनी कोरा कागद पत्राला घ्यायचा म्हटलं की माझा हातच पुढे होत नाही. तुम्ही मागे म्हणाला होता की तुझं पत्र वाचताना बावीस पोरांची हजेरी घेतल्यासारखं होतं. तर आधी तुमची हजेरी: गुडघा कसा आहे आणि सूनबाईंची बँकेतली बदली टळली का, ते कळवा.

एक काम आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. फोन बाहेरच्या खोलीत, आणि घरात कान फार.

बहिऱ्या मुलांच्या शाळेचा जमाखर्च मी बघते हे तुम्हाला ठाऊक आहे. मॅट्रिक झालेल्या बाईला देवानं एवढीच विद्या दिली, ती त्याच्याच कामी लावावी म्हणून नऊ वर्षं करते आहे. आता शहरातली एक संस्था बावीसही मुलांना कानाची यंत्रं द्यायला तयार झाली आहे. अट अशी की शाळेचे हिशेब सनद असलेल्या सीएनं तपासलेले हवेत, त्याचं नाव आणि सनदेची नक्कल सोबत हवी, आणि सगळे कागद एकतीस जुलैच्या आत पोचायला हवेत. एक दिवस उशीर झाला तर यंत्रं दुसऱ्या शाळेला जातील, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

आपल्या गावात सीए एकच. तुम्ही लग्न होऊन गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेले. फोटोवाल्याच्या दुकानाशेजारच्या लाकडी जिन्यानं वर गेलं की पाटी: सीए, हिशेब व ऑडिट. नाव नाही. गृहस्थ अतिशय सालस. आपण गेलो की उठून स्वतः खुर्ची पुसून देतात. वह्या घेतात, दोऱ्यानं बांधतात, वर चिठ्ठी डकवतात. काही विचारलं की 'आत्ता आलो' म्हणून पडद्याआड जातात आणि परत येऊन उत्तर देतात. गावानं त्यांचं नावच आत्ताआलो साहेब ठेवलंय. आमच्याकडे हे म्हणतात, बायकोला विचारल्याशिवाय त्या माणसाला शिक्का उचलायचीही परवानगी नसावी. बायको पाणी घेऊन येते तेवढीच दिसते, चष्मा कपाळावर ढकललेला. एका वर्षी जाता जाता मला म्हणाली, फेब्रुवारीत खडू दुप्पट कसे लागले? मला हसू आलं. म्हटलं, हिला पडद्यामागून सगळं ऐकायची सवय दिसते.

आता अशा माणसाकडे सनद मागायची कशी? ज्या गुरुजींनी गाव शिकवलं त्यांना तुमची गुणपत्रिका दाखवा म्हणण्यासारखंच ते. काल जिन्यापर्यंत गेले आणि फोटोवाल्याशी हवापाण्याचं बोलून परत आले.

सनद असलेल्या लोकांची यादी असते म्हणे, कॉम्प्युटरवर कोणालाही दिसते. सूनबाईंना बघायला सांगाल का? साहेबांचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर घातलंय, बघून झाली की फाडून टाका. यादीत नाव सापडलं की मी निर्धास्तपणे जाऊन नक्कल मागेन. मी शंका घेतली होती हे त्यांना कधी कळायलाही नको.

तुमची,
धाकटी


१३ जून

धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे, मीच जिन्यावरून उतरेनाशी झालेय. बदली टळली.

तुझं काम झालं, पण तुला हवं तसं नाही. सूनबाईनं यादी काढली, आपल्या गावाच्या नावानं शोधली, मग नुसत्या नावानं सगळीकडे शोधली. मी शेजारी बसून होते. चिठ्ठीवर तू लिहिलंस त्या नावाचा सीए आपल्या गावात तर नाहीच, कुठेच नाही. म्हणजे तुमच्या आत्ताआलो साहेबांनी नऊ वर्षं तुम्हाला खुर्च्या पुसून दिल्या आणि टोप्या घातल्या. बंडूला सांग, तुझ्या बहिणीला इथे बसून जे दिसलं ते तुला त्याच गावात राहून दिसलं नाही. नाहीतर नको सांगू, उगाच चिडेल.

सालस असणं वेगळं आणि सनद असणं वेगळं, बाई. तू प्रत्येक माणसात देव बघतेस, बघ, पण कागदही बघत जा. आता वेळ घालवू नकोस. मोठ्या गावी जा, खरा सीए गाठ, आणि तुमच्या शाळेच्या त्या अध्यक्ष डॉक्टरांना काय ते सांगून टाक. तोंडावर सांग. पोरांच्या कानांचा प्रश्न आहे, इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

चिठ्ठी फाडली.

तुझी नणंद


२९ जून

आदरणीय वन्संना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. घडलंही बरंच.

तुमचं पत्र मिळाल्यावर मोठ्या गावी जाऊन आले. बसचे तीन तास जायला, तीन यायला, डबा बरोबर नेला होता. पहिल्या सीएच्या ऑफिसला कुलूप. दुसऱ्यांकडे एक मुलगी बसली होती, ती म्हणाली सप्टेंबरनंतर या. तिसरे भेटले, म्हातारे आणि भले होते. त्यांनी वह्या चाळल्या, अक्षराचं कौतुक केलं, आणि विचारलं, आधीचे सीए कोण? म्हणाले, आमच्यात रीत आहे, आधीच्यानं लिहून दिल्याशिवाय नवा हात लावत नाही. त्यांचं पत्र आणा, आठ दिवसांत करून देतो. मी हो म्हणाले आणि निघाले. जो सीएच नाही त्याच्याकडून सीए असल्याचं पत्र कुठून आणायचं, हे त्यांना कसं सांगू? परतीच्या बसमध्ये सारखं नामस्मरण केलं, तरी मन जागेवर येईना.

मग सव्वीस तारखेला समितीची बैठक झाली, शाळेच्या मोठ्या खोलीत. अध्यक्ष डॉक्टर, वखारवाले, शाळेच्या बाई आणि मी. यंदाचा अहवाल बांधून तयार होता, तो द्यायला साहेब स्वतः आले होते. त्यांना चहा दिला होता. चहा संपायच्या आत डॉक्टरांनी खिशातून एक पाकीट काढलं. म्हणाले, एक पत्र आलंय, खाली सही नाही, पण वाचून दाखवणं माझं कर्तव्य आहे. आणि वाचलं. चारच ओळी होत्या. आपण ज्यांना सीए समजतो त्यांचं नाव सनदधारकांच्या यादीत नाही, समितीनं खात्री करावी, मुलांचं नुकसान होऊ देऊ नये, एवढंच.

डॉक्टरांनी पत्र साहेबांपुढे सरकवलं आणि विचारलं, हे खरं आहे का? साहेबांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. मग म्हणाले, 'माझं नाव यादीत नाही हे खरं आहे.' वखारवाले म्हणाले, मग नऊ वर्षं सह्या कसल्या केल्यात? साहेबांनी दाराकडे पाहिलं, जसं काही तिथेही पडदा आहे. सवयीनं 'आत्ता आलो' म्हणाले, अहवाल आणि ते पत्र काखेत घेतलं आणि गेले. आम्ही पाऊण तास थांबलो. ते आले नाहीत.

इतिवृत्त मी लिहिते. त्यात लिहिलं: एक निनावी पत्र वाचण्यात आले.

कोणी लिहिलं असेल कोण जाणे. आता ना अहवाल हातात, ना नवा सीए. एकतीस तारीख पुढे सरकायची नाही.

तुमची,
धाकटी


६ जुलै

धाकटे,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा सूनबाईला वाचून दाखवलं.

तो माणूस गेला हे बरंच झालं. पण ते पत्र लिहिणारा कोण हे शोधून काढा. खरं बोलायचं होतं तर समोर येऊन बोलायचं होतं. चहा पीत बसलेल्या माणसाला चारचौघांत असं उघडं पाडायचं आणि आपण नामानिराळं राहायचं? बंडूच्या लहानपणी आपल्या आळीत असा एक होता, शेजाऱ्यांची पत्रं वरिष्ठांना लिहायचा आणि सकाळी त्यांच्याच दारात वर्तमानपत्र मागायला यायचा. असल्या माणसाच्या हातचं मी पाणी पिणार नाही. वखारवाल्याचं काम असेल, मला तरी तसंच वाटतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं यात काही चुकलेलं नाही.

एक राहिलं. सूनबाई सारखी टुमणं लावते आहे म्हणून लिहिते. ती म्हणते, मामी मोठ्या गावाला कशाला गेल्या? तुमच्या गावाच्या नावापुढे यादीत एक नाव आहे की. बाईचं आहे. आडनाव काही ओळखीचं नाही. मी तिला म्हटलं, असेल कोणी शिकलेली, लग्न करून घरी बसली असेल, नाव तेवढं राहिलं असेल यादीत. पण पत्ता दिलाय, तो उतरवून देते: फोटो स्टुडिओच्या वर, पहिला मजला. जवळच असेल तर डोकावून ये. नसेल तर राहू दे.

तुझी नणंद


१२ जुलै

वन्सं,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही, तरी लिहिते. नमस्कार.

तुमचं पत्र नऊ तारखेला दुपारी आलं. पत्ता तीनदा वाचला. गावात फोटोवाला एक, त्याच्यावरचा मजला एक, आणि त्या मजल्यावर दोनच माणसं राहतात.

कपाटातून नऊही अहवाल काढले. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर शिक्का आहे, सही आहे आणि सहीखाली एक सहा आकडी नंबर आहे. नऊ वर्षं मला तो त्यांच्या कपाटातल्या फाइलचा नंबर वाटत होता. शिक्का इंग्रजीत, सही गिचमिड, आणि मी बघायचे ते एवढंच की शिक्का बसलाय ना. काल भिंगाखाली धरला. अक्षर अक्षर लावत वाचलं. बाईचं नाव आहे, वन्सं. माहेरच्या आडनावासकट. नऊच्या नऊ वेळा तेच.

त्यांनी आम्हाला कधीच फसवलं नव्हतं. आता एकेक आठवतंय. पहिल्या वर्षी डॉक्टर त्यांना सीए साहेब म्हणाले तेव्हा ते म्हणाले होते, मी नाही, आत आहे ती. आणि सगळे हसले होते. मीही हसले होते. आम्हाला वाटलं, बायकोच्या धाकातल्या माणसाचा विनोद आहे. फेब्रुवारीतल्या खडूंचं तिनं ऐकलं नव्हतं, तिनं ते वहीत वाचलं होतं. वह्या ती वाचत होती आणि मी तिच्याशी दरवर्षी साखरेचे भाव आणि गुडघेदुखी बोलून येत होते. मी स्वतः बाई असून, दिवसभर आकड्यांत असून, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आता दुसरं. हे लिहायला तीन दिवस लागले.

ते पत्र मी लिहिलं होतं.

तुम्ही तोंडावर सांग म्हणाला होता. डॉक्टरांकडे गेलेही होते, दवाखान्यात बाकावर बसून नंबर येईपर्यंत थांबले आणि नंबर आल्यावर खोकल्याचं औषध घेऊन आले. खोकला नव्हता. सात रुपयांचं औषध अजून फळीवर आहे. मग वाटलं, लिहून कळवलं तर समिती आपण होऊन गुपचूप चौकशी करील, त्या सज्जन माणसाचं तोंड बघायला नको. अक्षर बदलून लिहिलं, तिरकं, मोठं. सही नाही. डॉक्टर ते सगळ्यांपुढे, साहेबांच्या हातात कप असताना वाचतील हे माझ्या मनात नव्हतं. पण वाचत होते तेव्हा मी होते ना तिथे. एक शब्द बोलले असते तर थांबले असते. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते. आणि नंतर तुम्हाला लिहिलं, कोणी लिहिलं कोण जाणे. तुम्ही त्या माणसाच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणालात. बरोबर आहे तुमचं.

देवापुढे बसते, पण डोळे मिटले की तो चहाचा कप दिसतो.

दोनदा जिन्यापर्यंत गेले. पाटी काढलेली आहे, भिंतीवर चौकोन तेवढा उरलाय. फोटोवाला मला बघून दुकानात आत निघून गेला. गावात कोणी त्यांच्याकडे काम देत नाही. बेकरीवाल्यानं वह्या परत नेल्या, पंपवाल्यानंही. अहवाल त्यांच्याकडे, सनद त्यांच्याकडे, एकोणीस दिवस उरले आणि माझे पाय वर चढत नाहीत.

धाकटी


१७ जुलै

धाकटे,

वखारवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

तुला रागवायला बसले होते, पण मला आधी माझं सांगितलं पाहिजे. ते बाईचं नाव मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आपल्या गावापुढे यादीत एकच ओळ होती आणि ती तिची होती. सूनबाईनं बोट ठेवून दाखवलं, म्हणाली, सासूबाई, हे कळवा. मी म्हटलं, आपल्याला साहेबांचं विचारलंय, तेवढंच कळवू. बाई आहे म्हटल्यावर मला ती ओळ मोजावीशीच वाटली नाही. दुसऱ्या पत्रात लिहिलं तेही जाता जाता, राहिलंय म्हणून, आणि वर लिहिलं की घरी बसली असेल. माझी सून रोज सकाळी डबा घेऊन बँकेत जाते, महिन्याचं घर चालवते, आणि मी हे असं बोलले तिच्यासमोर. तिनं यादी बंद केली आणि ती भाजी चिरायला गेली. आज तुझं पत्र वाचल्यावर मी तिला म्हटलं, चुकलं माझं. तर म्हणाली, चहा टाकू का?

तेव्हा एकटी दोषी होऊ नकोस. पत्र तू लिहिलंस, पण त्यातली खोटी खात्री मी दिली. पहिल्या दिवशी ती एक ओळ उतरवून पाठवली असती तर तू नक्कल मागून मोकळी झाली असतीस.

माझ्या पाण्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. तू ये, तुझ्या हातचं जेवते.

पण आता जिना चढ. आधी डॉक्टरांना नऊ अहवाल दाखव, त्यांच्याकडून समितीची माफी लिहून घे, आणि वर जा. स्वतःचंही सांग. न सांगता आलीस तर जन्मभर ते तुझ्याबरोबर जेवायला बसेल. गुडघा धड असता तर मी आले असते आणि तुझ्यामागून चढले असते.

तुझी नणंद


२८ जुलै

आदरणीय वन्संना धाकटीचा नमस्कार.

आधी चांगलं सांगते. कागद गेले. पंचवीसला रजिस्टर टपालानं पाठवले, काल संस्थेचा शाळेत फोन आला की मिळाले, पुरेसे आहेत. यंत्रं पुढच्या महिन्यात येतील. शाळेच्या बाई रडल्या. पोरांना कळलं नाही काय झालं, पण बाई रडतात म्हणून तीही रडली. मग सगळ्यांना बिस्किटं दिली.

आता माझं.

तुमचं पत्र एकवीसला मिळालं. चोवीसला डॉक्टरांकडे गेले, या वेळी औषध न घेता. अहवाल दाखवले, नंबर दाखवला. डॉक्टरांनी नऊही अहवालांची शेवटची पानं उलटून पाहिली, मग म्हणाले, आपण सगळेच गाढव. माफीचं पत्र ते सांगत गेले, मी लिहीत गेले, त्यांनी खाली सही केली. ते निनावी पत्र कोणाचं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हटलं, हे पहिल्यांदा वरच सांगायचं.

जिना चढले. दार साहेबांनीच उघडलं. बारीक झालेत. टेबलावर काही नव्हतं, दोऱ्याचं रीळ तेवढं. मला बघून लगबगीनं खुर्ची पुढे ओढली, रुमालानं पुसली, आणि मी बसेपर्यंत बसा बसा म्हणत उभेच राहिले. मी माफीचं पत्र दिलं. त्यांनी वाचलं, आत नेऊन दिलं, पुन्हा बाहेर आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलले. म्हणाले, 'वहिनी, त्या दिवशी सगळ्यांनी मान वळवली. तुम्ही एकट्याच माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाहीत. मी घरी येऊन हिला पहिलं तेच सांगितलं.'

वन्सं, मी खुर्चीतून उठले. मी म्हटलं, साहेब, मला काही सांगायचंय. तेवढ्यात पडदा सरला आणि त्या बाहेर आल्या, चष्मा कपाळावर. साहेबांना म्हणाल्या, सनदेची नक्कल लागेल, भिंतीवरची फ्रेम काढून घ्या आणि चौकातून झेरॉक्स करून आणा, दोन प्रती. ते आत्ता आलो म्हणून गेले. जिन्यावर त्यांचे पाय वाजेनासे होईपर्यंत त्या थांबल्या.

मग त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक मी नुकतंच आणलेलं माफीचं पत्र. दुसरं ते. वन्सं, मी सही केली नव्हती, पण वर तारीख घातली होती. बिनतारखेचा कागद माझ्या हातून होतच नाही. अक्षर बदललं होतं, तारखेला हात नेहमीसारखा गेला. एकावर चोवीस जून, दुसऱ्यावर चोवीस जुलै. त्यांनी दोन्हीकडच्या चारवर बोट ठेवलं. म्हणाल्या, 'तुमच्या नऊ वर्षांच्या वह्या वाचल्यात मी. हा चार मी कुठेही ओळखेन. ज्या दिवशी पत्र घरी आलं त्याच दिवशी ओळखला.'

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझा दंड धरून मला परत खुर्चीत बसवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, यादीचं, तुमचं, दवाखान्यातल्या बाकाचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सुरुवातीला पाटीवर माझं नाव होतं. सात महिने जिना कोणी चढलं नाही. हे तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांना शिश्यानं खोकला लागला होता, नोकरी सुटली. एक दिवस यांनी नाव खरवडून काढलं आणि स्वतः टेबलाशी बसले. दुसऱ्या आठवड्यात तुमचे डॉक्टर आले. यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, तुम्ही हसलात. नंतर बरीच वर्षं सांगत राहिले, मग कंटाळले; त्या दिवशीही तेच पुन्हा सांगायला परत यायचं मन झालं नाही.

मी म्हटलं, साहेब आले की मी त्यांना माझ्या तोंडानं सांगते, समितीपुढेही सांगते. त्या म्हणाल्या, समितीचं तुम्ही बघा, पण यांना नाही. मी म्हटलं, मला सांगायलाच हवं, त्याशिवाय मला देवापुढे बसवत नाही. तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, वहीत चुकीचा आकडा दिसावा तसं. म्हणाल्या, 'सांगितलंत की तुम्हाला हलकं वाटेल. यांचं काय? या गावात एक माणूस आपल्या बाजूचा होता, एवढ्यावर ते महिनाभर जेवतायत.'

आणि समितीला सांगितलं तर साहेबांच्या कानावर यायला किती वेळ? म्हणजे तिथेही नाही. कुठेच नाही. माझी चूक कबूल करायची सोयही माझी राहिली नाही, ती आता त्यांच्या मालकीची झाली.

ते झेरॉक्स घेऊन आले. बाईंनी नकलेवर साहेबांसमोर सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं, मला वाचता यावं असं. नंबर लिहिला. शिक्का साहेबांनी मारला. अहवाल दोऱ्यानं बांधून दिला. पाटी पुन्हा लावणार का विचारलं, तर साहेब हसून म्हणाले, लावू, या वेळी नावासकट, आणि बघू कोण चढतं ते. मी म्हटलं, मी चढेन. आणखी काय बोलणार होते?

पिशवी जड म्हणून साहेब ती घेऊन जिन्यानं खाली आले, नको नको म्हणत असताना. फोटोवाला दारात उभा होता. मला बघून पुन्हा आत वळायला लागला. साहेबांनी त्याला हाक मारली, पिशवी माझ्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, 'अरे, या आपल्या. त्या दिवशी सगळे बोलले, या एकट्या काही बोलल्या नाहीत.'

फोटोवाल्यानं दोन्ही हात जोडले. आणि वन्सं, तेव्हाही मी काही बोलले नाही.

तुमची,
धाकटी